गृहस्थ तारा

एस.टी. दहिवडीच्या स्टँडात शिरली तेव्हा वनारसे सर फलाटाच्या कडेला उभे होते. डोक्याला मफलर, अंगात काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. गाडी थांबायच्या आतच ते एकेका खिडकीत डोकावून मला शोधायला लागले. मला ते केव्हाच दिसले होते, तरी मी हाक मारली नाही. जे सांगायला आलो होतो ते आणखी दोन मिनिटं लांबलं तर बरं, असं वाटत होतं.

"आलास? दमला असशील." माझी बॅग त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतली. "चहा आधी की बातमी आधी?"

"चहा आधी, सर."

"म्हणजे बातमी मोठी आहे," असं म्हणून ते हसले आणि चालायला लागले.

१९८६ चा डिसेंबर होता. मी एकतीस वर्षांचा, पुण्यात पीएच.डी. करणारा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. निर्मलाकाकूंना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात सर एकटेच होते.

पेठेच्या कोपऱ्यावर सर थांबले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "लेखावर नावं कशी घालायची ते लिहून ठेवलंय. बघ, चालेल का."

कागदावर तीन नावं होती. पहिलं निर्मला रा. वनारसे, मग रामचंद्र वि. वनारसे, शेवटी धनाजी खाडे.

"काकूंचं आधी?"

"मग कोणाचं? मी नुसता बघत होतो. अकरा वर्षं थंडीत बसून लिहिलं तिने." कागद त्यांनी पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला. "तिचं नाव आजवर दोनदा छापून आलं, धनाजी. एकदा लग्नपत्रिकेत, आणि एकदा गेल्या वर्षी तालुक्याच्या पेपरात, काळ्या चौकटीत. तिसऱ्यांदा यावं, एवढंच आहे माझं."

मी नुसतं "हो सर" म्हटलं.

ही अकरा वर्षांची हकिगत आधी सांगायला हवी. सरांनी स्वतः काच घासून सहा इंची दुर्बीण केली होती आणि ती गच्चीवर बसवली होती. माणदेशात पाऊस कमी, तेव्हा आभाळ बहुतेक मोकळंच. सारथी नावाच्या तारकासमूहात एक मंद तारा होता. एका जुन्या यादीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे याचं तेज बदलत असावं अशी कोणाला तरी शंका आलेली. सरांनी त्याचं नाव ठेवलं चंचल, आणि त्याच्यावर नजर ठेवायची ठरवली.

आता एखाद्या ताऱ्याचं तेज बदलतं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, तर शेजारचा न बदलणारा तारा लागतो. त्याच्याशी ताडून बघायचं, की आज हा त्याच्यापेक्षा किती उजळ, किती मंद. त्याला तुलनेचा तारा म्हणतात. चंचलच्या शेजारी दुर्बिणीच्या त्याच चकतीत तसा एक तारा होता, नवव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा. मंद होता तो लांब असल्यामुळे. एरवी सूर्याच्या जवळजवळ तिप्पट तापलेला, निळसर पांढरा. आणि मुख्य क्रमातला, म्हणजे पोटातला हायड्रोजन संथपणे जाळत बसलेला, ना फुगणारा ना आकसणारा.

"गृहस्थाश्रमातला तारा आहे," सर म्हणायचे. "हा दगा देणार नाही." तेव्हापासून त्याचं नाव गृहस्थ पडलं.

सर दुर्बिणीला डोळा लावून आकडा सांगायचे आणि काकू लिहायच्या. टॉर्चला त्यांनी आपल्या जुन्या लाल पोलक्याचा तुकडा बांधला होता, कारण पांढऱ्या उजेडाने सरांचे डोळे दिपायचे. काकू सातवी शिकलेल्या. अक्षर टपोरं, आकडे एकाखाली एक. वहीत 'निरीक्षक' असा रकाना होता आणि तिथे रोज सरांचं नाव लिहायचं होतं. काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, ते लिहिणार कुठून? त्यांनी अकरा वर्षं त्या रकान्यात फक्त 'हे' लिहिलं. समासात त्यांच्या स्वतःच्या नोंदी असत. 'आज ढग.' 'ह्यांना खोकला.' 'शेजारी बारसे, उशीर झाला.'

आणि मग उसळ्या सापडल्या. चंचल बहुतेक दिवस गप्प असे, पण अधूनमधून सहा-सात तास एकदम उजळे आणि परत जागेवर येई. अकरा वर्षांत अशा त्रेसष्ट उसळ्या. असा तारा पुस्तकात कुठे नव्हता. सरांनी त्यांतल्या सहा तारखा मला पत्राने कळवल्या आणि लिहिलं, 'तू आता मोठ्या लोकांत आहेस. एकदा मोठ्या दुर्बिणीतून बघ आणि खरं असेल तर आपण छापू.' मी होकार कळवला होता. काकू तेव्हा आजारी होत्या. "धनाजी बघतो म्हणालाय," असं त्या दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हे मला नंतर कळलं.

घरी आलो. सरांनी चहा टाकला. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर धुतलेला पंचा अंथरून त्यावर अकरा वह्या मांडल्या होत्या, खाकी कव्हरं घातलेल्या, प्रत्येकीवर साल. चहा फार गोड झाला होता. सर समोर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"सर, उसळ्या खऱ्या नाहीत," मी म्हणालो.

त्यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे कमी भरल्या?"

"नाहीतच. मी नऊ रात्री यंत्राने मोजलं. दोन वेगळे तारे घेऊन ताडून बघितलं. चंचल जागचा हललेला नाही. त्याच्यात काडीचाही बदल नाही. उतरतो तो गृहस्थ. सहा-सात तास मंद होतो आणि परत येतो."

सरांनी वह्यांकडे बघितलं. माणूस हुशार होता, मला पुढचं सांगावं लागलं नाही.

"म्हणजे स्टँडवर शेजारची गाडी मागे सरते," ते हळू म्हणाले, "आणि आपल्याला वाटतं आपली सुटली."

"हो सर."

"अकरा वर्षं."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या क्षणी उठून त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. त्याऐवजी मी वर्गात शिकवल्यासारखा बोलायला लागलो. डोळ्याने घेतलेली मापं, एकाच ताऱ्यावर भिस्त, पुण्यात पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा आम्ही दोन तारे घ्यायला लावतो, वगैरे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

"मग या वह्यांत काय उरतं?" सरांनी मध्येच विचारलं.

"शास्त्राच्या दृष्टीने म्हणाल तर, काही नाही."

"एकही आकडा?"

"आकडे प्रामाणिक आहेत, सर. पण ज्याच्याशी ताडलं तोच हलत असेल, तर त्यांचा उपयोग काय? तुलनेचा तारा कोणीतरी एकदा तरी पडताळून बघायला हवा होता."

सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हे रागावणार, आणि खरं सांगतो, रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पडताळायला हवा होता. चूक माझीच."

मग त्यांनी एका वहीवरची नसलेली धूळ हाताने पुसली. "तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, जाऊ दे, तेवढीच गच्चीवर हवा खाल्ली." एवढं बोलून ते उठले आणि रात्री पिठलं चालेल का, असं विचारत आत गेले. लेखाचा विषय पुन्हा निघाला नाही. खिशातला कागद त्यांनी काढला नाही.

सकाळी मला धुराच्या वासाने जाग आली. मागच्या अंगणात सर बंबापुढे उकिडवे बसले होते. कानाला मफलर, डोळे धुराने लाल झालेले. एरवी सरांकडचं आंघोळीचं पाणी म्हणजे नावाला कोमट. लाकडाच्या ढलप्या ते मोजून घालायचे, आणि काकू त्यावरून त्यांना चिडवायच्या. त्या दिवशी पाण्याला हात लावून मी चटकन मागे घेतला.

"आज पाणी मस्त तापलंय, सर," मी न्हाणीतून म्हणालो. काहीतरी बरं बोलावं म्हणून.

"घे, भरपूर घे," बाहेरून आवाज आला. "अजून आहे."

मी दोन बादल्या पाणी घेतलं. काल बोललो ते अंगावरून उतरावं तसं वाटलं आणि मन जरा हलकं झालं. निघताना बाहेरच्या खोलीतून आलो, पण टेबलाकडे बघायची लाज वाटली, म्हणून तसाच चपला घालून उंबऱ्याबाहेर पडलो. सर स्टँडपर्यंत आले. गाडी हलल्यावर त्यांनी हात वर केला.

फेब्रुवारीत माझ्या गाइड, सरपोतदार मॅडम, परदेशातून परत आल्या. मी त्यांना माझे नऊ रात्रींचे आलेख दाखवले आणि सरांची फजितीही सांगितली, थोडी मीठमसाला लावूनच. मॅडम हसल्या नाहीत. त्या गृहस्थाचा आलेख उजेडाकडे धरून बघत बसल्या.

"खाडे, हे ग्रहण आहे," त्या म्हणाल्या. "हा एक तारा नाही. दोन आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड जातो तेव्हा तेज उतरतं. अशी जोडी मिळाली तरच तारा तोलता येतो, त्याची जाडी मोजता येते. एरवी आपण नुसते अंदाज करतो."

"हो मॅडम," मी म्हणालो. माझ्या डोक्यात अजूनही उजेड पडला नव्हता.

"आणि इतक्या तापलेल्या जोडीत ग्रहणाची वेळ वर्षागणिक थोडी थोडी सरकते. किती सरकली त्यावरून ताऱ्याच्या पोटात काय आहे ते कळतं. पण त्यासाठी मागच्या कित्येक वर्षांची ग्रहणं लागतात. गेलेली ग्रहणं आता कोण बघणार?" त्यांनी आलेख खाली ठेवला. "तुमच्या सरांनी बघितलीत. अकरा वर्षं. चंचल जर स्थिर आहे, तर तो तुलनेचा तारा धरा आणि आकडे उलटे वाचा. त्रेसष्ट उसळ्या म्हणजे त्रेसष्ट ग्रहणं. जगात दुसऱ्या कोणाकडे हे नाही. वह्या घेऊन या."

ज्याने माप बिघडवलं त्याचंच माप त्या वह्यांत भरलेलं आहे, हे माझ्या डोक्यात दोन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. मला चूक दाखवायची घाई झाली होती, दुसरं काय. पण तेव्हा वाईट वाटायला सवड कुठे होती? मी तसाच टाइपरायटरवर बसलो आणि लेखाचं पहिलं पान टाइप केलं. वर लेखाचं नाव, खाली आमची तीन नावं. पहिलं निर्मला रा. वनारसे. कागद पाकिटात घातला आणि सकाळची पहिली एस.टी. पकडली. गाडीत मला बसवत नव्हतं. सरांचा चेहरा कसा होईल हे मी फलटणपर्यंत दहादा डोळ्यांपुढे आणलं.

सर अंगणात बाजेवर बसले होते. दोन महिन्यांत फार वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं.

"न कळवता आलास?"

"सर, वह्या हव्यात." मी उभ्या उभ्याच म्हणालो. हात पाकिटाकडे गेला होता. "अकराही हव्यात."

"वह्या?" सरांनी बंबाकडे मान वळवली. "त्या घातल्या की त्यात. तू आला होतास, त्याच सकाळी."

मला ऐकू आलं, पण आत शिरायला वेळ लागला.

"रद्दीत द्यायला मन होईना," सर सांगत होते. "तिचं अक्षर. वाण्याने त्यात दाणे बांधून दिले असते. ठेवून बघत बसणंही होईना. मग म्हटलं, पोरगा थंडीत आलाय." ते जरासे हसले. "तू म्हणालास ना, पाणी मस्त तापलंय. तेवढ्याने बरं वाटलं रे. म्हटलं, चला, अगदीच फुकट नाही गेलं तिचं."

मी बाजेच्या कडेला बसलो. टाइप केलेल्या कागदाचं पाकीट शर्टाच्या खिशात होतं, छातीला लागून.

"पण तुला कशाला हव्या होत्या?" सरांनी विचारलं. आणि त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं, स्टँडवर खिडकीखिडकीत डोकावताना होतं तेच. "काही निघालं का त्यातून?"

आयुष्यात मी पुष्कळ उत्तरं चुकलो असेन. हे एक उत्तर मात्र मी अजूनही रोज तपासून बघतो. खरं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की काकूंचं काम सोन्यासारखं होतं, आणि त्याच दमात कळलं असतं की ते त्यांनी आपल्या हाताने जाळलं. तेही माझ्या शब्दावर विसंबून.

"नाही सर," मी म्हणालो. "काही निघालं नाही. काकूंच्या हातचं काहीतरी जवळ असावं, म्हणून."

डोळ्यांतलं ते विझलं. पण चेहरा निवळला. "एवढ्यासाठी आलास?" असं म्हणत ते भिंतीला धरून आत गेले आणि एक वही घेऊन आले. कव्हरवर १९७५.

"पहिली आहे. हिच्यात उसळी एकही नाही, आम्ही तेव्हा नुसतेच शिकत होतो. ही मात्र जाळवली नाही. तुझीच आहे, घेऊन जा."

तुझीच का, ते मी विचारलं नाही. सरांनी चहा केला. तो आम्ही दोघांनी प्यायला, आणि पुढे कॉलेजातल्या कोणाकोणाच्या बदल्या झाल्या त्याच्या गप्पा मारल्या. पुढच्या चैत्रात सर गेले. सहा-सात वर्षांनी परदेशातल्या एका गटाने ती जोडी मोजली. एक तारा चार सूर्यांच्या वजनाचा, दुसरा थोडा हलका, दोघंही सोळा हजार अंशांवर तापलेले. त्यांच्या पोटात काय आहे त्याबद्दल शेवटी एक वाक्य होतं, की जुन्या नोंदी उपलब्ध नसल्यामुळे आत्ताच काही सांगता येत नाही. ते वाक्य मी एवढ्या वेळा वाचलंय की मला पाठ आहे.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी वही उघडली. दुसऱ्याच पानावर काकूंच्या टपोऱ्या अक्षरात तारीख होती, ९ जानेवारी १९७५. त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नकाशे धरायला सरांच्या गच्चीवर जायचो, एवढंच मला आठवत होतं. बाकीचं मी सोयीने विसरलो होतो. तारखेखाली लिहिलं होतं, 'तुलनेचा तारा आज ठरला. धनाजीने यादीतून शोधून काढला. फार खूश झाला.'

आणि समासात, बारीक अक्षरात, 'हे पडताळून बघणार होते. मीच म्हटले, पोराने एवढ्या हौसेने शोधलाय, आपण तपासले तर त्याला वाईट वाटेल. ह्यांनी राहू दिले.'

सरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं होतं आणि चूक माझीच म्हटलं होतं. भर गाडीत मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून दिली आणि विचारलं, "घरात कोण गेलं का बाळा?" मी हो म्हटलं.

टाइप केलेला कागद मी त्या पानावर ठेवला आणि वही मिटली. तो अजून तिथेच आहे. काकूंचं नाव तिसऱ्यांदा कुठे छापून आलं नाही. टाइप झालं एकदा, ते मीच केलं आणि मीच वाचलं.